एक वाजताची नोंद

“खडूच्या चौकोनातच उभे राहा, तांडेलकाका. पाऊल बाहेर गेलं तरी आकडा बदलतो,” मी म्हटलं.

भागोजी तांडेलांनी खाली बघितलं. काळ्या कातळावर मी आखलेला पांढरा चौकोन होता आणि त्याच्या कडेवर त्यांची खाऱ्या पाण्यानं भेगाळलेली रुंद पावलं. चपला त्यांनी आधीच दाराबाहेर काढल्या होत्या, देवळात शिरावं तसं. मी तसं काही सांगितलं नव्हतं. ते सरकून चौकोनात आले आणि हसू दाबत म्हणाले, “बाईसाहेब, ह्या कातळावर बत्तीचा एवढा मनोरा उभा हाय. त्याला माझं वजन कळतं व्हय?”

“कातळाचं माहीत नाही. माझ्या यंत्राला कळतं.”

“मग बरंच नाजूक दिसतंय तुमचं यंत्र,” ते म्हणाले आणि श्वास रोखून उभे राहिले. श्वास घेतला तरी चालेल, हे मला त्यांना सांगावं लागलं.

ही ऐंशी सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. काळखडप हे खारबंदरापासून तीन मैल आत समुद्रात असलेलं बेट. बेट कसलं, लाव्ह्याचा थिजलेला एक काळा तुकडाच तो. वर दीपगृह, मागे बत्तीवाल्यांच्या दोन खोल्या आणि खाली कातळात खोदलेलं जुनं तेलाचं कोठार, वीस मीटर लांब आणि बोगद्यासारखं अरुंद. ते कोठार बघूनच मी ह्या बेटाच्या प्रेमात पडले होते. ऊन नाही, वारा नाही, पायाखाली अखंड दगड. माझ्या यंत्राला आणखी काय हवं होतं?

यंत्र म्हणजे तरी काय? गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली नळी वापरतात ना, तीच युक्ती. कोठाराच्या दोन टोकांना दोन पितळी भांडी आणि त्यांना जोडणारी वीस मीटरची नळी, पाण्यानं भरलेली. जमीन पश्चिमेला कलली की पश्चिमेच्या भांड्यात पाणी चढणार, पूर्वेच्या भांड्यात उतरणार. फक्त हे चढणं-उतरणं तीन-चार मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीचे वीस भाग करून त्यातला एक घ्यावा एवढं. ते मोजायला प्रत्येक भांड्यावर एक बारीक सुई होती. स्क्रू फिरवत ती खाली आणायची. भिंगातून बघितलं की पाण्यात सुईचं प्रतिबिंब उलटं वर येताना दिसायचं. दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात न भिडतात तोच थांबायचं आणि स्क्रूवरचा आकडा लिहायचा.

हे सगळं कशासाठी, हे भागोजीकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं, अंदमानाकडे ज्वालामुखीची बेटं आहेत. आतला रस वर यायला लागला की डोंगर किंचित फुगतो, कलतो. ते कलणं वेळेवर मोजता आलं तर पुढचा धोका कळेल. पण अडचण अशी, की तिथं समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. भरतीचं ते सगळं पाणी म्हणजे ओझंच. त्या ओझ्याखाली समुद्राचा तळ दबतो आणि शेजारची जमीन त्या बाजूला झुकते. म्हणजे बेट रोजच हलतं. त्यातलं समुद्राचं हलवणं किती आणि डोंगराचं किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे. म्हणून आधी इथं, जिथला डोंगर केव्हाच थंड होऊन बसलाय, तिथं नुसती भरती मोजून बघायची. समजायला सोपं जावं म्हणून मी खाटेचं उदाहरण दिलं. खाटेच्या कडेला कुणी बसलं की मधे ठेवलेला लिंबू त्याच्याकडे घरंगळतो, तसं.

त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “खाट कशाला, होडीच म्हणा की. सगळी माणसं येका बाजूला बसली की कलते. आता येवढं मोठं बेट कलतं म्हणता, ते मात्र बघायला पायजे.”

आणि बघायचं ते डोळ्यांत तेल घालून.

भागोजीकाकांनी चाळीस वर्षं शिडाच्या मचव्यावर तांडेलकी, म्हणजे होडीची कप्तानी, केली होती. शीड उतरवल्यावर बत्तीवाल्यांना पाणी आणि शिधा पोचवायचं काम धरून ते बायकोसह बेटावरच राहायला आले. वय बासष्ट, शिक्षण चौथी. पण आकडा असा वळणदार काढायचे की मला माझ्या आकड्याची लाज वाटावी. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला दोन्ही भांडी बघायची आणि वहीत लिहायचं, असं काम त्यांच्याकडे दिलं. आठवड्याला त्याच्या प्रती तक्त्यावर उतरवून टपालानं धाडायच्या. जाताना मी त्यांना नियमांची सरबत्तीच लावली. चौकोनाबाहेर उभं राहायचं नाही. कंदील भांड्याजवळ न्यायचा नाही. आत जड काही ठेवायचं नाही. दिसलंच तर आधी बाहेर काढायचं, अर्धा तास थांबायचं, जमीन सावरली की मगच सुईला हात लावायचा. अंदाजानं काही लिहायचं नाही. ते प्रत्येक नियमाला मान हलवत होते. शेवटी सुंदराकाकी, त्यांची बायको, दारातून म्हणाली, “अगो, लग्नात सुदा येवढ्या अटी घातल्या नव्हत्या त्यांना.”

तीन महिने तक्ते येत राहिले. मी ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडायची आणि कागदावर एक वळण उमटायचं, चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठं, अष्टमीच्या आसपास लहान. समुद्रानं काळखडपाला वाकवलेलं मला मुंबईत टेबलाशी बसून दिसत होतं. त्या दिवसांइतकी साधी, निर्मळ खुशी मला पुढे फारशी मिळाली नाही. महिन्यातून एकदा मी यंत्र तपासायला बेटावर जायची. हळूहळू बाईसाहेब गळून पडलं आणि मी त्यांची ‘बाय’ झाले. काकी मला जबरदस्तीनं दोनदा वाढायची. भागोजीकाका चौकशी करायचे, अंदमानला कधी जायचं, बोट कुठून सुटते, तिकडचा समुद्र कसा असतो. यंत्र इथं कसोटीला उतरलं की ते अंदमानला जाणार आणि त्याच्याबरोबर मीच जाणार होते, हे त्यांना माझ्याइतकंच पाठ झालं होतं.

आमचे प्रमुख होते डॉ. खासनीस. माणूस हुशार, पण कौतुक करायची वेळ आली की त्यांच्या पोटात दुखायचं. जानेवारीत मी सगळे आलेख त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी बराच वेळ ते चाळले आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘एकादशी, सव्वाआठ’. दुसऱ्यावर ‘त्रयोदशी, पावणेदहा’.

हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ही कोकणातली जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशीची पाऊणपट सव्वाआठ. किनाऱ्यावर लहानथोर सगळे असाच हिशोब करतात.

“म्हणजे भरती कधी आहे ते तुमच्या तांडेलाला आधीच माहीत असतं.”

“हो.”

“आणि भरतीला कुठलं भांडं चढतं तेही तुम्ही त्याला सांगून ठेवलंय. मग सुई बघायला तो खाली कशाला उतरेल? खाटेवर बसून लिहील. आणि तेही धड जमलेलं नाही. बघा, तुमची शिखरं सगळी भरतीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी येतात. पंचांगाचा हिशोब, तोही चुकलेला.”

मी तक्ता ओढून वेळा पुन्हा ताडल्या; ती वीस मिनिटं होतीच. खासनीसांनी चष्मा काढून पुसला. आवाज अगदी मऊ करून ते म्हणाले, “सांबरे, आकडे रचलेले असतील तर दोष त्याचा. रचलेले नसतील तर दोष यंत्राचा, म्हणजे तुमचा. ठरवा. एक साधी परीक्षा आहे.”

परीक्षा खरंच साधी होती. गुपचूप एका भांड्याशेजारी भरपूर वजन ठेवायचं आणि काही न बोलता निघून यायचं. कातळ त्या टोकाला दबेल, आकड्यात मोठी उडी येईल. सुई बघणारा माणूस ती उडी लिहील. न बघणारा आपला नेहमीसारखा गुळगुळीत आकडा लिहील. मला ते पटलं नव्हतं असं आज म्हणायला मला आवडेल. पण खोटं कशाला बोलू? मला ते हुशारीचं वाटलं होतं.

मी पौष पौर्णिमेला बेटावर गेले. काकीनं कोळंबीचं सुकं केलं होतं, वर कोकमाची कढी. जेवताना मी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. त्या दिवशी भरती सव्वाअकराची; बोट सव्वाबाराला ओहोटीबरोबर सुटणार होती. बाराचं वाचन मी स्वतः घेते म्हटलं आणि काकांना सामान उतरवायला धक्क्यावर पाठवलं. वहीत माझ्या अक्षरात बाराचे आकडे लिहिले. मग कोठाराच्या बाहेरच्या खोलीत बत्तीच्या रॉकेलचं एक भरलेलं पिंप आडवं पडलं होतं, ते ढकलत ढकलत आत आणलं आणि पूर्वेच्या भांड्यामागच्या अंधाऱ्या कोनाड्यात सारलं. घरंगळू नये म्हणून खाली धोंडा लावला. हात तेलकट झाले ते रुमालाला पुसले. तेवढं करायला मला दहा मिनिटं लागली असतील.

धक्क्यावर काकांनी माझी पिशवी होडीत ठेवली आणि जरा घुटमळले.

“बाय, ह्या वह्या तुजा साहेब बघतो काय गो?”

“एकूण एक आकडा बघतात,” मी म्हटलं. “का?”

“आसंच. कडक हाय मानूस?”

“फार.”

त्यांनी मान हलवली, होडीला पाय लावून ढकललं आणि वर निघून गेले. त्यांना एकचं वाचन घ्यायचं होतं.

आठ दिवसांनी तक्ता आला. मी तो टपालवाल्यासमोरच फोडला. बाराची नोंद माझी. त्यानंतर एकची नोंद नव्हतीच. एकदम दीडची होती. आणि त्या दीडच्या आकड्यात उडी नव्हती. दोनच्या नाही, तीनच्या नाही, पुढच्या आठवडाभरात कुठंच नाही. वळण आपलं ओहोटीबरोबर मुकाट उतरत गेलं होतं, जणू दोन माणसांच्या वजनाचं ते पिंप मी कधी हलवलंच नव्हतं.

खासनीसांनी तक्ता बघितला आणि दीडच्या नोंदीवर नख ठेवलं. “तुम्ही गेल्यावर झोपलेला दिसतोय,” म्हणाले.

मला इतका राग आला होता की काय सांगू. ज्यांनी मला बाय म्हटलं, ज्यांच्या ताटातलं मी खाल्लं, त्यांनी मला तीन महिने शेंडी लावली, एवढंच मनात ठसठसत होतं. आणि रागाच्या खाली, अगदी तळाशी, एक सुटकाही होती, की यंत्र माझं चुकलं नाही. ती सुटका मला तेव्हाही जाणवली होती. बैठकीत मला विचारलं गेलं तेव्हा मी स्पष्ट म्हटलं, की निरीक्षकानं नोंदी रचलेल्या आहेत. अहवालातलं ते वाक्य माझं, सही माझी. काम बंद झालं. भागोजी तांडेलांना दोन ओळींचं पत्र गेलं, की आपल्या नोंदी विश्वासार्ह आढळल्या नाहीत, सबब निरीक्षण थांबवत आहोत. यंत्र सोडवून आणायला दुसऱ्या कुणाला पाठवलं. मला जायला सांगितलं होतं, मी ताप आल्याचं कारण सांगितलं. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. ते न येणं हाही मी पुरावाच धरला.

अंदमानचं यंत्र त्या वर्षी गेलं नाही. गेलं ते सतरा वर्षांनी, आणि ते माझं पितळी भांड्यांचं नव्हतं. विजेवर चालणारं, दर मिनिटाला आकडा लिहिणारं, वीतभर उंचीचं होतं. मी मात्र गेले. ज्वालामुखीच्या बेटावर काळ्या राखेत उभी राहून मी ते बसवलं तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. आणि पहिल्याच आठवड्यात संगणकाच्या पडद्यावर तेच वळण उमटलं, चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. डोंगराचं बोलणं ऐकायचं तर आधी समुद्राचं बोलणं त्यातून वजा करायला हवं होतं. एव्हाना त्यासाठी गणितं तयार झाली होती. जगभरच्या समुद्रांची भरती त्यात घातलेली असे. आपण ठिकाण सांगायचं, तिथली जमीन कधी आणि किती कलेल ते उत्तर यायचं.

मुंबईत परतल्यावर एका दुपारी, का कोण जाणे, मी त्या गणिताला काळखडपाचं ठिकाण दिलं.

माझ्या कपाटाच्या तळाशी ते तक्ते होते. फेकवले नव्हते. मी शेजारी ठेवून ताडून बघायला लागले. उधाणाच्या दिवशी गणित म्हणत होतं तीन पूर्णांक सहा मायक्रॉन, तक्त्यात तीन पूर्णांक पाच. अष्टमीला एक पूर्णांक चार, तक्त्यात एक पूर्णांक चार. आणि शिखरं? गणितातली शिखरंही भरतीच्या बावीस मिनिटं आधीच येत होती. कारण बेट काही नुसत्या आपल्या पायाशी असलेल्या पाण्यानं कलत नाही. ते अख्ख्या अरबी समुद्राच्या ओझ्यानं कलतं, आणि त्या समुद्राची भरती सगळीकडे एका घटकेला येत नाही. ही गोष्ट ऐंशी साली मला माहीत नव्हती, खासनीसांना माहीत नव्हती. पंचांग बघून आकडे रचणाऱ्याला तर ती बावीस मिनिटं साधणं शक्यच नव्हतं. ती फक्त सुई बघणाऱ्यालाच दिसली असती.

तांडेलकाका खरे होते. प्रत्येक तासाला ते खाली उतरले होते, चपला दाराशी काढून चौकोनात उभे राहिले होते. मग पिंपाची उडी कुठं गेली? ह्या एका प्रश्नानं मला रात्रंदिवस छळलं. खासनीस तेव्हा हयात नव्हते. उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस होतं, तेही असेल तर. मी खारबंदरची एसटी पकडली.

ते होते. एकोणऐंशी वर्षांचे, खारबंदरात थोरल्या मुलाच्या घरी, ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसलेले. उजवा हात फारसा उचलत नव्हते, सगळं काम डाव्यानं चाललं होतं. मी अंगणात उभी राहिले, नाव सांगितलं. त्यांनी कपाळावर हात धरून बघितलं.

“बाय? आगो, केवडी झालीस.” मग आत तोंड करून म्हणाले, “आयकलंस काय? आपली यंत्रावाली बाय आली.”

आपली. सतरा वर्षांनी, त्या पत्रानंतर. मी येताना शब्द जुळवून आणले होते, ते बाजूला ठेवून ओसरीच्या पायरीवर बसले. काकी बाहेर आली. पार वाकली होती, पण मला बघून तिनं आधी विचारलं ते जेवलीस का म्हणून. मग पाणी आणलं, शेजारी बसली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. कोण गेलं, कोण आहे, मुलाची होडी, सुनेचं बाळंतपण. बोलता बोलता काकांच्या हाताकडे माझं लक्ष गेलेलं तिनं पाहिलं.

“तो खांदा न्हवं? तो तुमच्या यंत्राच्या येळचाच. तू गेलीस त्या दिवशी ह्यांनी येकट्यानं ते तेलाचं पिंप ढकाललान. धरला तो धरलाच. किती तेल चोळलं.”

काकांनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. “कशाला त्या जुन्या गोष्टी?”

“कुठलं पिंप?” मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

ते टाळत राहिले. पण काकी कुठली ऐकायला. तिनं सांगितलं, त्या दिवशी एकच्या टायमाला हे आत गेले तर भांड्यामागं पिंप. तूच सांगितलेलंस, जड दिसलं तर आधी बाहेर काढायचं. मग बत्तीवाल्याला हाक तरी मारायची की नाही? नाही. एकट्यानं कातळावरनं चढ ढकलत बाहेर काढलं, बाहेर अर्धा तास घड्याळ बघत बसले आणि मग सुईला हात लावला. घरी आले ते हात गळ्यात बांधूनच.

“हाक का नाही मारली?” मी म्हटलं. “आणि वहीत का नाही लिहिलं?”

काकांनी जाळं खाली ठेवलं. “अकराला तिथं पिंप नव्हतं आन बाराला तूच आत व्हतीस, म्हंजे कायतरी तपासायला आनून तू इसरलीस. हाक मारली आसती तर बत्तीवाल्यांच्यात झालं आसतं, मुंबैची बाय पिंप इसरली. आन वहीत लिवलं आसतं तर तुज्या साहेबानं वाचलं आसतं. तूच बोललीस, कडक मानूस. तुजी पैली नोकरी. आपन सगळ्यांना नेम सांगायचे आन आपुनच इसरायचं, आसं होतं येकाद्या वेळी. मी म्हटलं, झाकून टाकावं.”

मग ते उठले, आत गेले. बऱ्याच वेळानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन बाहेर आले. यंत्र न्यायला आलेल्या माणसानं यंत्र तेवढं नेलं होतं. त्यांनी पानं उलटली, त्यांना ते पान लगेच सापडलं. बाराची नोंद माझ्या अक्षरात. खाली त्यांच्या अक्षरात ‘१.००’ आणि पुढची ओळ कोरी. त्याखाली ‘१.३०’ आणि आकडे. तक्त्यावर उतरवताना ती कोरी ओळ त्यांनी गाळली होती.

“खोटं लिवायचं नव्हतं,” ते म्हणाले. “खरं लिवलं तर तुजं नाव जानार. म्हनून ओळ तशीच ठेवली.”

मला रडू फुटलं. काकी म्हणाली, आगो काय झालं. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवायला लागली, तसा तो हात मला सोसवेना. मी काकांसमोर बसले आणि सांगून टाकलं. पिंप विसरलं नव्हतं. मी मुद्दाम ठेवलं होतं. तुम्ही खरं लिहिता की खोटं ते बघायला. आणि आकडा बदलला नाही म्हणून तुम्ही खोटे असं मीच लिहून दिलं. ते पत्र माझ्या सहीच्या अहवालावरून आलं.

काकीचा हात पाठीवर थांबला. खाली बंदरात पाणी ओसरत होतं, होड्या एका अंगावर टेकायला लागल्या होत्या. काका तिकडेच बघत होते. त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता, आणि मी वाचायचा प्रयत्नही सोडून दिला होता.

“मुद्दाम,” ते म्हणाले.

“हो.”

“आन आता कशाला आलीस?”

“तुमचे आकडे बरोबर होते. सगळे. मी आता ताडून बघितलं. बेट कलतं तेही, आणि भरतीच्या आधी कलतं तेही. आमच्यातल्या कुणालाच जे माहीत नव्हतं, ते तुम्ही लिहून ठेवलंत.”

कोनाड्यातली पेन्सिल त्यांनी डाव्या हातानं काढली, तिचं टोक अंगठ्यावर तपासलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

“मग लिव.”

“काय लिहू?”

“येक वाजता काय व्हतं ते. कोनी ठेवलं, कशाला ठेवलं. तूच सांगितलेलंस ना, अंदाजानं काय लिवायचं नाय. सतरा वर्सं ओळ रिकामी हाय.”

मी लिहिलं. ‘पूर्वेच्या भांड्यामागे रॉकेलचे भरलेले पिंप. निरीक्षकाची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम ठेवले. ठेवणारी, यशोधरा सांबरे.’ त्यांनी वही जवळ ओढली, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं आणि ती परत माझ्याकडे केली.

“पिंप बाहेर काढलं, अर्धा तास थांबलो, ते कुटं हाय?”

मी तेही लिहिलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि पानाच्या तळाशी, जिथं ते रोज संध्याकाळी सहा वाजता सही करायचे, तिथं डाव्या हातानं सावकाश सही केली. त्या दिवसाची सही त्यांनी सोडून दिली होती, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

शाई सुकवावी तशी त्यांनी सहीवर फुंकर मारली, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

“जा घेऊन,” ते म्हणाले. “आता कोनालाबी दाखव.”